लेप आणि व्यक्ति

अलीकडे प्रसाधनांच्या बाजारांत एका सर्वनामाला फार मोल आलें आहे. तें सर्वनाम म्हणजे 'तुम्ही'. पूर्वीं साबणाची वडी सर्वांसाठीं असे. तिच्या वेष्टनावर एखाद्या सुंदर स्त्रीचें चित्र असे, आणि ही वडी वापरणारीस तशीच कांति लाभेल असें त्यांतून सुचविलेलें असे. आतां विक्रेता चित्र बाजूस ठेवतो व आपल्याकडे वळून विचारतो, "तुमची त्वचा कशी आहे? कोरडी कीं तेलकट? तोंडावर पुटकुळ्या येतात काय? त्यांचे डाग राहतात काय? झोंप किती तास मिळते? गांवची हवा दमट कीं रुक्ष?" अशा दहावीस प्रश्नांचीं उत्तरें मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकून दिलीं, आणि मागितल्यास चेहऱ्याचें एक छायाचित्र पाठविलें, कीं चार दिवसांनीं घरीं एक कुपी येते. तिच्यावर आपलें नांव छापलेलें असतें. आंत जें आहे तें केवळ आपल्यासाठींच सिद्ध केलें आहे, असें सोबतचा कागद सांगतो.

ह्या कुपींतील द्रव्य चांगलें कीं वाईट हा माझा विषय नाहीं. तो त्वचारोगतज्ज्ञांचा आहे. मला ज्याचा विचार करावयाचा आहे तो प्रश्न नीतीचा आहे. एखाद्या व्यक्तीला उद्देशून कांहीं करणें आणि त्या व्यक्तीची काळजी घेणें ह्या दोन गोष्टी एकच आहेत काय? आणि नसतील, तर दुसरी कशावरून ओळखावी?

आरंभींच एक सोपी वाट बंद करून टाकलेली बरी. देह नाशवंत, रूप चार दिवसांचें, तेव्हां तोंडावरच्या पुटकुळ्यांची चर्चा ती काय करावयाची, असें म्हणून हा विषयच झटकून टाकणारे सज्जन आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांपैकीं बहुतेकांचें वय पन्नाशीच्या पुढचें असतें. सोळाव्या वर्षीं ज्या मुलाच्या गालांवर पुवाचे फोड येतात आणि ते बसल्यावर खड्डे राहतात, त्याला हें तत्त्वज्ञान ऐकविणें म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचें माहात्म्य सांगण्यासारखें आहे. चेहरा आपला असला तरी तो आपल्याला दिसत नाहीं, इतरांना सदैव दिसतो. त्याच्यावरचें वैगुण्य मनुष्य दुसऱ्याच्या डोळ्यांत वाचीत असतो. आमच्या जुन्या वैद्यांनाहि ही व्यथा हंसण्यावारी नेण्यासारखी वाटली नाहीं. सुश्रुतानें मुखदूषिका, म्हणजे आपण ज्यांना तारुण्यपीटिका म्हणतों त्या, आणि व्यंग, नीलिका, न्यच्छ ह्यांची गणना क्षुद्ररोगांत केली हें खरें. परंतु तेथें क्षुद्र ह्याचा अर्थ तुच्छ असा नसून लहान असा आहे, आणि त्यांचीं लक्षणें व उपचार सांगण्याचा त्यानें कंटाळा केलेला नाहीं. घरोघरच्या बायका ज्याला वांग म्हणतात तें हेंच व्यंग.

प्रत्येकाची प्रकृति निराळी म्हणून उपचारहि निराळा, हा विचारहि नवा नाहीं. औषध देण्यापूर्वीं रोग्याची प्रकृति, वय, बल, देश, काल, सात्म्य इतक्या गोष्टी पाहाव्या असें चरकसंहिता सांगते. ग्रीसमध्यें ॲरिस्टॉटलनें तर सद्गुणाची व्याख्या करतांना ह्याच विचाराचा आधार घेतला. दहा मिना वजनाचें अन्न फार आणि दोन मिना थोडें होत असेल, तर तालीममास्तर गणितानें मधला आंकडा काढून सर्वांच्या पानांत सहा मिना वाढणार नाहीं. मिलो नांवाच्या प्रसिद्ध मल्लाला तेवढें पुरणार नाहीं आणि नवशिक्याला तें जास्त होईल. दान, क्रोध, धैर्य ह्यांचेंहि असेंच. त्यांतला योग्य मध्य ज्याच्या त्याच्या अपेक्षेनें ठरतो. ॲरिस्टॉटल हा वैद्याचा मुलगा होता, ही गोष्ट अशा ठिकाणीं आठवते.

तेव्हां 'तुमच्यासाठीं' ह्या शब्दामागची कल्पना थोर आहे. ती बाजारांत कशी उतरते तें पाहूं. आपण दिलेल्या उत्तरांवरून आपली रवानगी एका खणांत होते. अमेरिकेंतील त्वचारोगतज्ज्ञ लेस्ली बाउमन ह्या बाईंनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत असे सोळा खण आहेत: त्वचा कोरडी कीं तेलकट, हळवी कीं सोशिक, डाग धरणारी कीं न धरणारी, सुरकुतणारी कीं ताठ, असे चार प्रश्न, प्रत्येकाचीं उत्तरें दोन. दुसरे कोणी आणखी बारीक खण पाडतात. पण खण कितीहि झाले तरी त्यांत ठेवावयाचीं द्रव्यें मोजकींच आहेत. मुरुमांवर बेन्झॉइल पेरॉक्साइड, सॅलिसिलिक आम्ल, किंवा अ जीवनसत्त्वाच्या कुळांतलीं रेटिनॉइडें. डागांवर ॲझेलेइक आम्ल, निॲसिनमाइड. कोरडेपणावर ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली. आणि बहुतेक सर्वांना, उन्हापासून बचाव. कुपीवरील नांव बदलतें, आंतील कुटुंब तेंच. ह्यांत फसवणूक आहे असें मी म्हणत नाहीं. शिंपीहि माप प्रत्येकाचें घेतो आणि कापड एकाच ताग्यांतून फाडतो.

वर्ग पाडणें हाहि दोष नव्हे. एकेकट्याकडे लक्ष पुरविल्यानें काळजी अधिक चांगली घेतली जाते, असें ॲरिस्टॉटल पुढें एके ठिकाणीं म्हणतो, पण त्याच दमांत तो असेंहि म्हणतो कीं तें उत्तम रीतीनें त्यालाच साधतें कीं ज्याला सर्वसामान्य नियम ठाऊक आहेत. वर्गाचें ज्ञान नसलेला माणूस व्यक्तीकडे कितीहि प्रेमानें पाहो, तो गालावर लिंबू चोळावयास सांगतो, आणि पोर तसेंच उन्हांत गेलें म्हणजे कातडी भाजून निघते.

मात्र वर्ग कशासाठीं पाडला हें पाहिलें पाहिजे. १९७५ सालीं हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक ह्यांनीं त्वचेचे प्रकार ठरविले, ते आज सर्व जगांत वापरले जातात. सोरायसिसच्या रोग्यांना एक औषध देऊन मग त्यांच्या अंगावर अतिनील प्रकाश सोडावयाचा, असा उपचार त्या वेळीं नुकताच निघाला होता. प्रकाश किती द्यावा म्हणजे अंग भाजणार नाहीं, हें कळावें म्हणून त्यांनीं रोग्याला विचारलें, "उन्हांत तुम्ही भाजतां कीं रापतां?" त्या उत्तरांवरून गोऱ्या त्वचेचे चार प्रकार झाले, तपकिरी व काळ्या त्वचेसाठीं पांचवा आणि सहावा हे मागाहून जोडले गेले. आपल्यापैकीं पुष्कळ जण ह्या मागाहून जोडलेल्या रकान्यांत बसतात. कोष्टक अपुरें होतें खरें, पण त्यामागचा प्रश्न रक्षणाचा होता. ह्या माणसाला इजा न होतां किती देतां येईल, असा तो प्रश्न होता, आणि 'अजिबात देऊं नये' असें त्याचें उत्तर येऊं शकत होतें.

ह्याच कोष्टकाचा पुढें एक अनपेक्षित उपयोग झाला. चेहरा पाहून स्त्री कीं पुरुष हें सांगणारीं तीन कंपन्यांचीं यंत्रें जॉय बुओलाम्विनी व टिम्निट गेब्रू ह्या दोन विदुषींनीं तपासून पाहिलीं. चेहऱ्यांचे गडद व उजळ असे भाग पाडण्यास त्यांनीं फिट्झपॅट्रिकचेंच माप घेतलें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतींत यंत्रांची चूक शेंकडा ०.८ च्या वर जात नव्हती, आणि गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतींत ती शेंकडा ३४.७ पर्यंत गेली. यंत्रें त्यानंतर सुधारलीं. पण छायाचित्र पाठवून त्वचेचें निदान मागणाऱ्या सांवळ्या वाचकानें हा आंकडा मनाच्या एका कोपऱ्यांत असूं द्यावा.

आतां बाजारांतील प्रश्नपत्रिकेकडे वळूं. तिचा पहिला प्रश्न बहुधा 'आपली मुख्य तक्रार कोणती?' असा असतो. पुढें पर्याय येतात: मुरूम, डाग, निस्तेजपणा, सुरकुत्या, मोठीं रंध्रें, डोळ्यांखालचीं काळीं वर्तुळें. मीं पाहिलेल्या प्रश्नपत्रिकांत 'कांहींच नाहीं' हें उत्तर क्वचितच सांपडलें. आणि जेथें सांपडलें तेथें त्या वाटेनें गेल्यावर शेवटीं 'आहे ती कांति टिकविण्यासाठीं' एक कुपी वाट पाहत बसलेलीच होती. लग्नें जमविणारा मध्यस्थ तुमच्या मुलाला कशी मुलगी शोभेल हें खोदखोदून विचारतो. मुलाला लग्न करावयाचें आहे काय, हें विचारणें त्याच्या धंद्यांत बसत नाहीं. तशांतलाच हा प्रकार.

माझ्या मतें काळजीची परीक्षा नेमकी येथें आहे. जो आपल्याला 'तुला कांहीं नको' असें सांगूं शकतो, त्याचें 'तुला हें घे' हें सांगणें आपल्यासाठीं असतें. ज्याच्या तोंडून पहिलें वाक्य कधींच निघूं शकत नाहीं, त्याच्या दुसऱ्या वाक्यांत आपलें नांव, गांव, वय आणि झोंपेचे तास सगळें आलें तरी तें आपल्यापर्यंत पोंचत नाहीं. चौदा वर्षांच्या मुलीची कल्पना करा. तिच्या नाकावर बारीक रंध्रें आहेत, जशीं तीं प्रत्येक मनुष्याच्या नाकावर असतात, कारण त्यांतूनच त्वचेचें तेल बाहेर येतें. ही तक्रार आहे, हें ती यादी वाचीपर्यंत तिला ठाऊक नव्हतें. येथें 'तक्रार' हा शब्दच पाहा. कोणी कोणाविरुद्ध केलेली तक्रार? त्वचा तर कांहीं बोलली नाहीं. प्रश्न विचारणारानेंच फिर्याद लिहून आणली, मुलीनें फक्त सही केली, आणि आतां तिच्या फिर्यादीवर तिला उपाय विकत मिळणार आहे.

ही कसोटी मी केवळ विक्रेत्याला लावूं इच्छितों असें नाहीं. ज्या डॉक्टरच्या दवाखान्यांत बाहेरच्या कपाटांत मलमें विकावयास मांडलेलीं असतात त्यालाहि ती लागू आहे. उलट, वर्षानुवर्षें तेच तें सांगणारे डॉक्टरहि मला ठाऊक आहेत: "सौम्य साबणानें दोन वेळां तोंड धुवा, फोडूं नका, सहा महिन्यांनीं या." अशा डॉक्टरकडून परत येतांना फी फुकट गेली असें रोग्याला वाटतें, हाहि आपला स्वभाव. आणि आजीलाहि ही कसोटी सोडीत नाहीं. दिवाळीच्या पहांटे घरांतल्या सर्वांना एकच उटणें लागे. त्यांत कोणाच्या प्रकृतीचा विचार नसे. तरी त्या हाताला आपण माया म्हणतों, आणि तें बरोबर आहे. परंतु तीच आजी नातीला चण्याचें पीठ व साय लावतांना 'जरा उजळेल' असें पुटपुटत असे, तेव्हां त्या हातांतहि कोणा दुसऱ्याची फिर्याद उतरलेली होती. वरपक्षाची म्हणा हवी तर.

वर्णाचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून चालणार नाहीं. आपल्या देशांत डाग घालविण्याची इच्छा आणि रंग घालविण्याची इच्छा ह्यांमधली भिंत फार पातळ आहे. फिट्झपॅट्रिकच्या कोष्टकाच्याच सालीं, १९७५ मध्यें, दोन गोष्टी आणखी घडल्या. भारतांत फेअर अँड लव्हली ही क्रीम बाजारांत आली. २०२० सालीं तिचें नांव बदलून ग्लो अँड लव्हली झालें, म्हणजे नांवांतला गोरेपणा गेला आणि तेज आलें. आणि अमेरिकेंत आल्बर्ट क्लिगमन व त्यांचे सहकारी विलिस ह्यांनीं काळे डाग फिके करणारें एक मिश्रण प्रसिद्ध केलें. त्यांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन नांवाचें स्टेरॉइड अशीं तीन द्रव्यें होतीं. वांगावर, थोड्या मुदतीपुरतें आणि जाणत्याच्या देखरेखीखालीं, हें औषध उपयुक्त आहे. पण त्याच धर्तीवरचीं, पुष्कळदां अधिक प्रखर स्टेरॉइड घातलेलीं मलमें आपल्याकडे औषधाच्या दुकानांतून साध्या क्रीमसारखीं विकलीं गेलीं, आणि बायकांनीं, पुरुषांनींहि, तीं महिनेच्या महिने तोंडाला फांसलीं. पहिल्या आठवड्यांत चेहरा खरोखरच उजळतो. पुढें कातडी पातळ होते, लाल होते, रक्तवाहिन्या दिसूं लागतात, मुरूम उठतात, केंस येतात. आणि मलम थांबवावें तर आग होते, म्हणून तें थांबवितां येत नाहीं. अखेर २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशा कित्येक स्टेरॉइडयुक्त मलमांची विक्री डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय करण्यास मनाई केली. ह्या सर्व व्यवहारांत गिऱ्हाइकाला हवें होतें तेंच मिळालें होतें. 'तुम्हांला काय हवें?' एवढ्याच प्रश्नावर थांबणारी आस्था कोठें नेते, तें ह्यावरून दिसतें.

कोणी म्हणेल, हें अज्ञानाचें फळ झालें. प्रत्येकाची त्वचा नीट तपासली, बारीक मोजमाप केलें, तर असें होणार नाहीं. मोजमापावरचा हा विश्वास मला पुरता पटत नाहीं, आणि त्याचें कारण ह्याच क्लिगमन ह्यांच्या चरित्रांत आहे. ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील विख्यात त्वचारोगतज्ज्ञ होते. ट्रेटिनॉइन हें मुरुमांवर गुणकारी आहे हें त्यांनीं दाखविलें, आणि १९७१ मध्यें त्या औषधाला अमेरिकेंत मान्यता मिळाली. जगांतल्या लक्षावधि तरुणांचे चेहरे त्यामुळें सुधारले, ह्यांत संशय नाहीं. परंतु १९५१ पासून १९७४ पर्यंत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगांतील कैद्यांच्या अंगावर, थोडेसे डॉलर त्यांच्या हातावर ठेवून, क्लिगमन ह्यांनीं प्रयोग चालविले. प्रसाधनें, सुगंधी द्रव्यें, औषधें, आणि डायॉक्सिनसारखें विषहि त्यांत होतें. कैद्यांच्या पाठीवर पट्ट्या चिकटवीत, चौकोन आंखीत, आणि प्रत्येक चौकोनांत काय होतें तें टिपून ठेवीत. १९९८ सालीं ॲलन हॉर्नब्लम ह्यांनीं ह्या प्रकरणावर पुस्तक लिहिलें. त्याचें नांवच 'एकरोगणती कातडी' अशा अर्थाचें आहे, आणि तें तुरुंग प्रथम पाहिला तेव्हां आपल्याला काय दिसलें ह्याविषयीं क्लिगमन ह्यांनीं स्वतः काढलेल्या उद्गारांवरून घेतलेलें आहे. वैद्यकीय विद्यालयानें २०२१ मध्यें आणि शहरानें २०२२ मध्यें ह्याबद्दल क्षमा मागितली.

त्या पाठींइतकें बारीक लक्ष दुसऱ्या कोणाच्या त्वचेकडे क्वचितच दिलें गेलें असेल. तेथें मोजणें होतें, नोंद होती, एका माणसाच्या त्वचेंत आणि दुसऱ्याच्या त्वचेंत काय भेद आहे ह्याची जाण होती. नव्हतें तें एवढेंच, कीं त्या कातडीच्या आंत जो कोणी आहे त्याच्या हिताचा प्रश्न कोणाच्या वहींत नव्हता. शेतकरी जमिनीचा कस पाहतो तसें तें पाहणें होतें. आजचा कुपी विकणारा दुकानदार आणि तो तुरुंग ह्यांना मी एका पंक्तीला बसवीत नाहीं. तसें करणें अन्यायाचें होईल. माझें म्हणणें इतकेंच कीं सूक्ष्म पाहणें हें आस्थेचें प्रमाण होऊं शकत नाहीं.

आपल्या भाषेंत ह्या विषयाशीं जुळणारी एक मौजेची गोष्ट आहे. 'व्यक्ति' हा शब्द 'अञ्ज्' ह्या संस्कृत धातूपासून झाला. त्या धातूचा एक अर्थ माखणें, लेपणें असा आहे आणि दुसरा स्पष्ट करणें, उघड करणें असा. डोळ्यांतलें अंजन आणि दिवाळीचा अभ्यंग हे त्याच धातूचे आहेत. म्हणजे लेप आणि व्यक्ति हीं मुळांत भावंडें. तेल लावल्यानें लाकडाच्या रेषा जशा उठून दिसतात, तसें जें उठून दिसतें तें व्यक्त. लेपाचें काम झांकण्याचें नसून दाखविण्याचें, असें त्या धातूला माहीत असावें. व्युत्पत्तीवरून नीति सिद्ध होत नाहीं हें मला कबूल आहे. पण ज्या लेपामुळें माणूस दिसेनासा होतो आणि फक्त त्याचा खण उरतो, त्याला 'व्यक्तिगत' हें विशेषण लावतांना जीभ थोडी अडखळते.

एक आक्षेप राहतो, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. त्वचारोगतज्ज्ञ शहरांत एकवटलेले आहेत. आडगांवच्या मुलीला बस धरून जिल्ह्याच्या ठिकाणीं जावयाचें तर एका दिवसाची मजुरी बुडते, आणि मुरुमांसाठीं घरांतून कोणी तिला पाठविणारहि नाहीं. तिच्या हातांत मोबाइल आहे. त्यावरची प्रश्नपत्रिका तिला स्टेरॉइडच्या नळीपासून वळवून एखाद्या निरुपद्रवी औषधाकडे नेत असेल, तर पुण्यामुंबईच्या वाचकांनीं दिवाणखान्यांत बसून तिला नाकें मुरडावीं काय? मुळींच नाहीं. असें एखादें साधन चांगलें निघालें तर तें पुण्यकर्म होईल. मग त्या साधनाकडून काय मागावयाचें तेंहि उघड आहे. 'कांहीं नको' हें उत्तर त्यांत असलें पाहिजे. 'हें आम्हांला कळत नाहीं, डॉक्टरला दाखवा' हें उत्तर असलें पाहिजे. गर्भ आहे काय, हा प्रश्न रेटिनॉइडाच्या आधीं आलाच पाहिजे, होकार आल्यास कुपी खपणार नसली तरी. आणि कुपीवर तिच्या नांवापेक्षां ठळक अक्षरांत आंतील द्रव्यांचीं नांवें व प्रमाण असलें पाहिजे, म्हणजे तेंच द्रव्य बाजारांत चतुर्थांश किंमतीला मिळतें काय, हें तिला पाहतां येईल.

एवढें सगळें झालें तरी कांहीं गोष्टी पडद्याच्या पलीकडे राहतात. विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण अजून सांपडतात. १९८१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें पुरस्कारलेल्या बहुऔषध उपचारानें हा रोग पूर्ण बरा होतो; मात्र उशीर झाला तर मज्जातंतूंची झालेली हानि भरून येत नाहीं. त्याची सुरुवात पुष्कळदां अंगावरच्या एका फिकट चट्ट्यानें होते. दुखत नाहीं, खाजत नाहीं. प्रश्नपत्रिकेंत त्याची जागा 'डाग' ह्या रकान्यांत. छायाचित्रांत तो शिब्यासारखा दिसेल, कोडासारखा दिसेल, किंवा कशासारखाच दिसणार नाहीं. गांवांत घरोघर फिरणारी आशा सेविका त्या मुलीला ओसरीवर बसविते, डोळे मिटावयास सांगते, आणि कापसाच्या टोंकानें चट्ट्याला व त्याच्या शेजारच्या कातडीला हलकेच शिवते. मग म्हणते, "कळलें का ग? कुठं लागलं, तिथं बोट ठेव पाहूं."